गूळपाणी

आण्णा दारात येताच लेकीनं गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. सातवा महिना, पाय सुजून टम्म झालेले.

बाळगोंडा आण्णांनी गुळाचा खडा खाऊन वर घोट घेतला. तो तोंडातच राहिला. चव ओळखीची होती.

उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजल्यानं त्यांच्या रानात जमिनीखालचं मीठ वर आलं होतं. गेल्या साली त्यांनी खोल पाईप पुरून ते खारं पाणी ओढ्यात सोडलं. रान सुधारलं, तसे गावभर पेढे वाटले. तोच ओढा पुढं लेकीच्या गावात यायचा.

"ओढ्याचं पाणी यंदा असंच झालंय, आण्णा," ती ओशाळून म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणतात, मीठ बंद करा. आमटीतसुद्धा घालत नाही हो मी!"

आण्णांना घोट गिळवेना, आणि लेकीच्या दारात थुंकवेनाही.