एक ते दीड

दीड वाजला, तसा भिंतीपलीकडचा, सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर पुन्हा धडधडू लागला आणि पडद्यावरची सपाट रेघ विस्कटली. संशोधकाने कपाळाला हात लावला.

तीन वर्षं त्याने या रेघेपायी घालवली होती. अणूइतके पातळ दोन पापुद्रे एकमेकांवर किंचित तिरके ठेवायचे, कमालीचे थंड करायचे. मग आतले इलेक्ट्रॉन मंदावतात, एकमेकांची दखल घेऊ लागतात आणि वीज मधून न जाता काठाकाठाने, विनाअडथळा वाहते; तेव्हाच पडद्यावरची रेघ सपाट होते, पण जरा हादरा बसला की विस्कटते. एकट्यादुकट्या इलेक्ट्रॉनचं हे काम नव्हे. हे तो फळ्यावर फार छान समजावून सांगायचा. ऐकायला समोर कोणी नसायचं. डबाही तो एकट्यानेच खायचा, आणि त्याचं त्याला वाईट वाटायचं.

रेघ जमायची ती फक्त एक ते दीड, पलीकडे यंत्र चालवणाऱ्या बाई जेवायला ते थांबवत तेव्हा. पाचला त्याला प्रयोगशाळा बंद करावी लागायची, आणि तोवर यंत्र चालूच असायचं. शुक्रवारी समिती येणार होती. रेघ दिसली तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर कुलूप.

बाई व्हरांड्यात भेटल्या. "जमलं का हो आज?"

"तुमचं यंत्र जमू देईल तर ना!"

"अर्धा तास तरी मिळतो ना?"

"अर्ध्या तासात काय दिवे लावणार?"

बाई नुसत्या हसल्या. त्याला ते जखमेवर मीठ वाटलं. त्याच दुपारी त्याने कचेरीत तक्रार दिली: बाई दिवसभर गोंगाट करतात, वर पाचला कचेरी सुटल्यावरही अर्धा तास यंत्र चालू ठेवतात.

कचेरी कधी नव्हे ती झटपट हलली. यंत्र तिथेच राहिलं, बाईंची बदली झाली.

गुरुवारी एक वाजला. धडधड थांबली नाही. सव्वा झाला, तरी नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने पलीकडचं दार ठोठावलं.

"जेवायची सुट्टी घेत नाही का हो?"

नव्या माणसाने घास गिळला. "जेवतोय की. पण हा थांबवून कसं चालेल? चाळीस सिलिंडर भरायचे, आणि पाचनंतर चालवायचा नाही, असा हुकूम निघालाय. कुणाच्या तरी पोटात दुखलं."

"आधीच्या बाई थांबवायच्या."

"थांबवायच्या, आणि राहिलेले सिलिंडर सुटल्यावर भरत बसायच्या. भिंतीपलीकडच्या साहेबांना तेवढीच शांतता, म्हणायच्या. फार एकटे असतात म्हणे बिचारे. तुमच्या ओळखीचे आहेत का ते?"