वरच्या मजल्याचं टपाल

सही करायची तर चष्मा हवा, म्हणून घड्याळवाले आजोबा चष्मा शोधू लागले. वरच्या मजल्यावरची ती, लेकीचा हात धरून, अर्ज घेऊन दारातच उभी राहिली. पोस्टाविरुद्धच्या त्या अर्जावर सगळ्या इमारतीने सह्या केल्या होत्या. एवढी एकच राहिली होती.

"उभी का? बस की. चिमणीला तिचा डबा दे."

द्यायची गरजच पडली नाही. चिमणीने आईचा हात सोडला, थेट खिडकीखाली गेली आणि जुन्या घड्याळांच्या किल्ल्यांचा डबा जमिनीवर उपडा करून बसली. भिंतीभर घड्याळं टिकटिकत होती. दुकान बंद केलं तेव्हा आजोबांनी ती सगळी घरी आणली होती.

"कडक लिहिलंयस ना?" उशीखाली हात घालत आजोबांनी विचारलं.

"शिंपीणकाकू सांगत होत्या, मी लिहीत होते. म्हणाल्या, या पोस्टमनपेक्षा गोगलगाय बरी, ती निदान जिना तरी चढते."

एरवी अशा बोलण्यावर आजोबा खो खो हसले असते. आज ते नुसते उशा हलवत राहिले.

पोस्टमन जिना चढत नसे, हे खरंच होतं. गुडघ्याचं निमित्त सांगून सगळं टपाल तो तळमजल्यावर काकूंच्या शिवणाच्या मशीनशेजारी टाकून जाई. काकू आपलं काढून घेत आणि उरलेलं वर पाठवत. प्रत्येक घराने आपलं ठेवायचं आणि बाकीचं वरच्या दारी द्यायचं. तिचं दार सगळ्यात वरचं, आजोबांच्या डोक्यावर. तिचं टपाल शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबे, त्यामुळे जिना उतरताना ती त्यांच्याकडे डोकावून विचारायची, "आजोबा, माझं काही आलंय का?"

सकाळी इस्पितळातून फोन आला होता. तारीख पत्राने कळवली होती, तुम्ही आला नाहीत, जागा दुसऱ्याला दिली, आता पुन्हा रांगेत. फोन ठेवून ती तशीच खाली धावली आणि पोस्टमनला जिन्यापाशी गाठलं. "टाकलंय हो ताई, आईशप्पथ टाकलंय," तो म्हणत राहिला. काकूंनी त्याला बोलू दिलं नाही. तिनेही नाही. तारीख कशाची, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चिमणीच्या कानांचं इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबा तर सगळ्यांना कौतुकाने सांगत, "बाकीची पोरं माझ्या घड्याळांच्या ठोक्यांना भोकाड पसरतात. ही ढिम्म! धीट आहे पोरगी."

"टेबलावर बघू का मी?" तिने विचारलं आणि तिथला वर्तमानपत्राचा कागद उचलला.

खाली बशीत बिस्किटं मांडलेली होती. मोठ्या दोन कपांच्या मध्ये एक छोटा, दोन कानांचा कप होता. त्याच्या शेजारी निळ्या फितीने बांधलेला टपालाचा गठ्ठा. वर इस्पितळाचं लांब पाकीट, त्यावर तिचं नाव.

"आजोबा, हे कधी आलं?"

उशा हलायच्या थांबल्या.

"तू आलीस की देणारच होतो," आजोबा म्हणाले. "येतेसच की तू. मधे फिरकलीच नाहीस."

"हिला ताप होता."

"मला काय माहीत?" ते खाटेच्या कडेवर बसले. "वर आणून दिलं असतं, तर तू दारातच घेतलं असतंस. आणि मग झालंच."

पाकीट उघडायची गरज नव्हती, तरी तिने उघडलं. गेलेली तारीख छापील अक्षरात नीट दिसत होती. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात ठोके सुरू झाले. आधी दाराजवळच्या मोठ्या घड्याळाचे, मग एकेकाचे, काहींचे पुढे, काहींचे मागे. बघता बघता खोली दणाणून गेली. रोजच्या सवयीने आजोबांनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या कागदाकडे. मग खिडकीखाली.

चिमणी पाठमोरी बसली होती. एका किल्लीवर दुसरी किल्ली ठेवत होती. तिची मान हलली नाही.

शेवटचा ठोका विरून गेला, तरी आजोबा तिच्या पाठीकडेच बघत होते.

"त्याचीच तारीख होती," ती म्हणाली.

"मी धीट म्हणत होतो," आजोबा म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला. अर्ज मागून घेतला आणि ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचला.

"यात पोस्टमनचं नाव आहे," ते म्हणाले. "ते खोडावं लागेल."

"राहू द्या आजोबा."

तिने चिमणीला उचलून घेतलं. चिमणीच्या मुठीतली किल्ली काढून घ्यायचं तिला सुचलं नाही, आजोबांनी मागितलीही नाही. बशीतली बिस्किटं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती दाराजवळच कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मधेच कुणीतरी धापा टाकतंय असं वाटलं, म्हणून तिने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायपुसण्यावर एक वीजबिल आणि कसलीशी जाहिरात, निळ्या फितीत घट्ट बांधलेली. खाली दार लावून घेतल्याचा आवाज आला.

ती गठ्ठा उचलायला वाकली, तोवर चिमणी तिच्या बाजूने निसटून जिन्यापाशी पोचली. किल्ली तिच्या मुठीत होती. एक पायरी उतरून ती थांबली, मागे वळली, आणि आईने धरावा म्हणून दुसरा हात वर करून उभी राहिली.