चार मिलिमीटर

"सर, एकदा टेपने मोजा ना. घरी एकशे छप्पन्न भरते मी." भरतीला आलेली मुलगी टाचा जोडून विनवत होती. उंची हवी होती एकशे पंचावन्न. पडद्यावर एकशे चोपन्न.

"दोन-दोन कॅमेरे मोजतायत, ताई. टेप कशाला?" मी हसलो. ती डोळे पुसत गेली.

संध्याकाळी, कॅमेऱ्यांना माप शिकवायचा काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा तक्ता गुंडाळताना सहज पट्टी लावली. दहा चौकोन तीनशे मिलिमीटर भरायला हवेत. भरले तीनशे चार. छापणाऱ्याने कागदभर ताणले होते, मी न मोजताच वापरले. मापच लांबलं, म्हणून प्रत्येक मुलगी दोन सेंटिमीटरने बुटकी ठरली.

धावत साहेबांकडे गेलो.

"मुलींची यादी लागली," ते म्हणाले. "उद्या मुलांची उंची घ्यायची आहे. तेवढं आजच नीट करा."