कीर्तन सोडून न उठणारी गाडी

शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात हेमांगी भुर्केची गाडी दिनकर सावर्डेकरच्या गाडीच्या पुढे होती, आणि दत्तमंदिर आलं तशी ती आपणहून कडेला लागून थांबली.

"अगं बये, आत्ता नको!" हेमांगी कळवळली. गाडीला स्टिअरिंग नव्हतंच. गाड्या आता आपापल्या मेंदूने चालायच्या. हिचा मेंदू हेमांगीने स्वतःच्या जुन्या गेमिंग कॉम्प्युटरमधून काढून बसवला होता आणि याच मंदिरामागच्या गॅरेजात लेकरासारखा वाढवला होता. आज जो हरेल त्याच्या गाडीचा मेंदू पुसून कोरा करायचा, अशी दोघांची पैज होती.

मंदिरात बुवा उत्तररंगात रंगले होते. रोज कीर्तन ऐकत शिकलेल्या गाडीला एवढं पक्कं ठाऊक होतं, की मधूनच उठून जायचं नसतं.

तेवढ्यात मागून दिनकरची गाडी आली आणि तीही शेजारी उभी राहिली.

"तुझी का थांबली रे?"

दिनकर ओशाळला. "तिला तुझ्या गाडीची नक्कल करायला लावलंय. शेवटी पुढे काढणार होतो, पण आता ऐकेचना."

हेमांगीला हसू आवरेना. दोघंही आत जाऊन बसले. आरती झाली, प्रसाद हातावर पडला, तेव्हा कुठे तिची गाडी हलली. दिनकरची अदबीने तिच्या मागोमाग.

अंतिम रेषेपलीकडे दिनकरने जड मनाने आपल्या गाडीचा मेंदू काढून दिला. "घे. कर कोरा."

"वेडा आहेस का? आज कुठे तिच्या कानावर चार चांगले शब्द पडलेत," हेमांगी म्हणाली. "बसव परत. आणि उद्या घेऊन ये गॅरेजात. तूही ये, तुलाही गरज आहे."