सहावं काडतूस

"किती?" विजयकुमारांनी विचारलं.

सुदेशने व्हर्नियरच्या जबड्यात काडतूस धरलं, खिडकीच्या उजेडात आकडा वाचला आणि मान हलवली. "एकोणतीस पंचेचाळीस, काका. परत पाव मिलिमीटर बाहेर आली गोळी."

"अरे देवा!" विजयकुमार स्टुलावर बसले. हा नववा प्रयत्न होता.

रास अल खैमाबाहेरच्या त्या नेमबाजी क्लबात ते अकरा वर्षं काडतुसं भरत होते. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. पण असलं झेंगट कधी गळ्यात पडलं नव्हतं. मालक फहदने हौसेने नवं रिव्हॉल्व्हर आणलं, तेही पिस्तुलाची काडतुसं खाणारं. रिव्हॉल्व्हरची तऱ्हाच अशी, की एक गोळी सुटली की तिच्या धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पितळी पुंगळीतून पुढे सरकतात. फार सरकल्या तर सिलिंडर फिरतच नाही. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीभोवती घट्ट आवळायचं. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं तोंड खुशाल आत वळवा, त्याला मागे टेकायला कडा असते. पिस्तुलाचं काडतूस तोंडाच्याच काठावर टेकतं. तो काठ वळवला की टेकायचं कशावर? म्हणजे सरळ आवळणारा साचा, डाय, लावायची आणि तीही बेताने. जास्त आवळलं की गोळीच चेपते आणि पकड उलट सैल पडते.

जमलं की नाही हे कळायची विजयकुमारांची रीत ठरलेली. सहा काडतुसं भरायची, पाच झाडायची, सहावं बाहेर काढून मोजायचं. ते सहावं कधी झाडायचं नाही. आकड्याची चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचं आणि महिनाअखेर डबा स्टोअरमधल्या जुलेखाच्या हवाली करायचा.

मोजायचं काम मात्र मदतनीस सुदेशचं. वर्षभर विजयकुमारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. व्हर्नियरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून जायच्या. क्लबात कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. "काका, हात तुमचे, डोळे माझे. डिसेंबरात सुट्टीवर गेलात की ऑपरेशन करून या," असं सावंतवाडीचा हा पस्तिशीतला गडी म्हणाला, तेव्हा विजयकुमारांना भरून आलं होतं. परक्या मुलखात कोण कुणासाठी एवढं करतं?

"नखाला तर काहीच लागत नाही रे," त्यांनी काडतूस बोटांत फिरवलं. "जशीच्या तशी वाटतेय."

"तुम्हीच शिकवलंत ना काका? हात खोटं बोलतो, व्हर्नियर नाही बोलत."

खरंच की! त्यांनी गुमान सुदेशने लिहिलेली चिठ्ठी लावून काडतूस डब्यात टाकलं.

दुपारी फहद डोकावला. "विजय भाई, गुरुवार तक नहीं हुआ तो खलास. तैयार माल मँगवा लूँगा. लोडिंग रूम बंद, दोनों घर जाओ."

रविवारी ते बसने दुबईत अल मनखूलला लेकीकडे, मैथिलीकडे गेले. दार उघडून सात वर्षांचा अथर्व ओरडला, "आजोबा, यू आर सो लेट!" आणि कमरेला बिलगला. बायको गेल्यापासून या एका रविवारावर ते अख्खा आठवडा काढत. जावयाच्या पगारात सासऱ्याचा व्हिसा बसत नव्हता. नोकरी गेली की खडकीची रिकामी खोली आणि अथर्व फोनच्या पडद्यावर, तोही धूसर. मैथिलीला त्यांनी काही सांगितलं नाही.

सोमवारी त्यांनी पुंगळी आणखी चिंचोळी करणारी डाय लावली. मंगळवारी पुंगळीचं तोंड कमी फाकवणारा दट्ट्या बसवला. दोन्ही वेळा पाच झाडली, सहावं मोजलं. सुदेशने आकडा वाचला आणि डोकं धरून खालीच बसला.

"काका, बायकोला सातवा महिना आहे हो. आता गावी जाऊन काय तोंड दाखवू?"

विजयकुमारांना वाटलं, आपले हात गेले, त्यात या पोराचा काय दोष? बुधवारी सकाळीच ते फहदसमोर उभे राहिले. "साहब, डाय ठीक है, मेरा हाथ गया. कल सुदेश को भरने दो. जम गया तो उसको रखो, मैं जाता हूँ." राजीनामा त्यांनी सोबतच नेला होता.

गुरुवारी सुदेशने काडतुसं भरली. पाच झाडल्यावर फहदने सहावं स्वतः मोजलं. एकोणतीस वीस! भरताना होतं तेवढंच, गोळी तसूभरही हलली नव्हती.

"कोणती डाय लावलीस रे?" विजयकुमारांनी विचारलं.

"तीच, काका. सगळं अगदी तुमच्यासारखंच केलं."

त्यांनी सुदेशला मिठीच मारली. स्वतःचं सगळं संपलं होतं, पण एकाची तरी चूल पेटती राहिली, एवढं समाधान पुरे होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुदेशने त्यांची बॅग गाडीत ठेवली आणि ते डबा घेऊन स्टोअरमध्ये गेले. जुलेखा रत्नागिरीची, कामाला भलती चोख. जिवंत काडतूस स्वतः मोजल्याशिवाय आत घेणार नाही.

"बसा काका, दोन मिनिटं," ती म्हणाली. तिने एक मोजलं, चिठ्ठी बघितली. दुसरं मोजलं. मग भराभर सगळीच मोजली आणि पहिलं पुन्हा उचललं.

"या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या, काका?"

"सुदेशने. का गं?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "काका, यल्ला! उशीर होतोय!" सुदेशचा आवाज आला.

जुलेखाने मोजणीचं यंत्र त्यांच्या डोळ्यांजवळ नेलं. त्यांना दिसत नाही हे लक्षात आल्यावर तिनेच वाचून दाखवलं, "चिठ्ठीवर काहीही असू दे, काका, ही सगळीच्या सगळी एकोणतीस वीस आहेत."