टाच

"म्हणजे टाच तपासणाऱ्या त्या पेटीनं खोटं सांगितलं," शेखर डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

त्याची आई, सिंधुबाई, अजून टेबलावर उताणीच होती. तिच्या कमरेवरून सरकत गेलेला मशीनचा हात नुकताच थांबला होता. नाशकात हे मशीन नवीनच आलं होतं. समोरच्या पडद्यावर तिचे मणके एकाखाली एक दिसत होते आणि त्यातला एक चेपून बसका झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात औषध कंपनीनं आणलेली ती पेटी टाचेतून नुसत्या ध्वनिलहरी सोडते. त्यातून हाडांच्या मजबुतीचा नुसता अंदाज येतो, तोही टाचेपुरता. हे मशीन क्ष-किरणांनी मणका आणि खुबा पाहतं. जन्मभर मळ्यात राबलेल्या बाईची टाच भक्कम असू शकते आणि पाठ पोखरलेली असू शकते. पाठ दुखते म्हणणाऱ्या बाईला तेव्हाच इकडे आणायला हवं होतं.

सिंधुबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी पेटीवर हाडं मजबूत असल्याचा हिरवा दिवा लागला तेव्हा गावातल्या, मखमलाबादच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तीही खुळ्यासारखी हसली होती. मग तो दिवाच तिच्या मानगुटीवर बसला. तिनं कमरेवर हात ठेवला की शेखर म्हणायचा, हिरवा दिवा लागलाय ना? झेंडू तोडायचा तिनं आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन टेम्पोपर्यंत न्यायचीही तिनंच. साडी पायात यायला लागली, मी खचत चाललेय, असं ती म्हणाली तर घरात हसू झालं. पाहुण्यांत तर त्यानं ही सगळी आईची सोंगं आहेत असं सांगितलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती पाटीसकट बांधावर बसली ती उठलीच नाही. तेव्हा शेखर धावत आला आणि त्यानं आधी फुलं गोळा केली. हे ती विसरणार नव्हती.

"आता ओझं उचलायचं नाही आणि वाकायचंही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेखरचं घोडं अजून तिथंच अडलं होतं. कंपनीवाल्यांना सोडणार नाही, त्यांनी भोळ्या लोकांना फसवलं, असं तो तावातावानं बोलत होता. डॉक्टरीणबाईंचा हात धरून सिंधुबाई सावकाश उठून बसली.

"त्यांना कशाला शिव्या देतो?" ती म्हणाली. "ते एक दिवस आलते. तू रोज घरात व्हता. मी पाठ सांगत व्हते अन् तू टाचेचं ऐकत व्हता."

डॉक्टरीणबाई पडद्याकडे वळल्या.

सिंधुबाई टेबलावरून उतरली. आत येताना काढलेल्या तिच्या चपला दाराशी उलटसुलट पडल्या होत्या. ती भिंतीला धरत तिथवर गेली आणि सवयीनं वाकायला लागली. कमरेतून कळ आली तशी थांबली. शेखर शेजारीच उभा होता. आधी त्यानं चपलांकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंच्या पाठीकडे.

सिंधुबाईनं उजवा पाय पुढं केला. टाचेच्या भेगांत मळ्यातली काळी माती अजून तशीच होती.

"घाल," ती म्हणाली. "टाच चांगली हाय. तिला काय व्हत नाय."

शेखर खाली वाकला.