पांढऱ्या घोड्यावरचं पोर

होडीच्या सफरीला आलेल्या पाव्हणीनं पिशवीतून लाकडाचा बाहुला काढला आणि फोटो घ्यायला कठड्यावर ठेवला. वीतभर उंच. पांढऱ्या घोड्यावर बसलेला मुलगा, अंगावरचा तांबडा रंग जागोजाग उडालेला. मागे ॲबर्डीन या चिनी बंदरातल्या मासेमारीच्या बोटी, बोटींच्या मागे आभाळाला भिडलेल्या इमारती. फोटो छान येणार होता.

सामतायनं इंजिन बंद केलं. आयुष्य पाण्यावर गेलेली म्हातारी. कठड्यावर पोर दिसलं की तिचा हात आपोआप पुढं व्हायचा.

"मध्येच का थांबवलंत, सासूबाई?" मेईफोंग म्हणाली. पाव्हण्यांशी इंग्रजीत बोलायचं काम या सुनेचं.

"हा बाहुला कुठून आणला, विचार तिला."

पाव्हणी आनंदानं सांगायला लागली. डोंगरावरची ट्राम झाली, मोठा बुद्ध झाला, रात्रीचे दिवे झाले, पण मन बसलं ते जुन्या बाजारातल्या या खेळण्यावर.

"खेळणं म्हणतेय," मेईफोंग हळूच म्हणाली.

सामतायनं वाकून पाहिलं. घोड्याचा पुढचा पाय कधीतरी मोडलेला, होडीच्या फटी बुजवायच्या चुन्यानं सांधलेला. वाळलेल्या चुन्यावर अंगठ्याचा ठसा होता. तिचाच.

होडीवरच्या माणसांत पोर लहानपणी गेलं की त्याची अशी मूर्त करतात. बोटीवरच्या देव्हाऱ्यात बसवतात आणि त्याला भात दाखवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. सामतायचा आकाव चार वर्षांचा असताना बोटीवरून पडला. आकाव म्हणजे कुत्र्या. नजर लागू नये म्हणून ठेवलेलं नाव.

"देवळात ठेवला म्हणाली होतीस."

मेईफोंगनं मान खाली घातली. "बोट मोडीत काढली तेव्हा नेलाच होता देवळात. तिथला म्हातारा म्हणाला, किती जणांचे ठेवू, पाय ठेवायला जागा नाही. आपल्या सरकारी खोलीत तरी कुठं होती जागा? मग भंगारवाला आला..."

"आणि मी सणासुदीला देवळात जाऊन भात कुणापुढं ठेवत होते गं?"

मेईफोंग म्हणाली, "मी मागते तिच्याकडून. हवे तेवढे पैसे देते."

"माग. विकलेलं पोर परत विकत मिळतं का, बघू."

मेईफोंगनं मागितला. पाव्हणीनं बाहुला छातीशी धरला आणि हसून मान हलवली.

"आईसाठी घेतलाय म्हणते. तिच्या आईला लहान मुलं फार आवडतात."

"आवडतात का," सामताय म्हणाली. "भाग्याची आहे."

होडी जागच्या जागी डुलत होती. सामतायचे डोळे कोरडेच होते. परक्यांसमोर रडायची तिच्या घराण्यात रीत नव्हती. मग तिनं एकदम विचारलं, "बोटीवरून उतरवलास तेव्हा हाक मारली होतीस?"

"कसली हाक?"

"पाणी ओलांडताना नाव घेऊन सांगायचं असतं, चल, आता फळीवरून जायचंय, माझ्यामागून ये. नाही सांगितलं तर लाकूड तेवढं किनाऱ्याला लागतं. पोर राहतं मागे."

"मला कुणी सांगितलंच नाही," मेईफोंग म्हणाली. "मी जमिनीवरची."

जमिनीवरची. लग्न झाल्यापासून सामताय सुनेला याच शब्दानं टोचत आली होती. आज तिनं तो तोंडात धरून ठेवला, गरम पेजेचा घोट धरावा तसा.

मग तिनं इंजिन सुरू केलं आणि होडी वळवली. खरं तर तरंगतं हॉटेल होतं तिकडं जायचं होतं. ते हॉटेल कधीच गेलं, पण पाव्हणे अजून त्या रिकाम्या पाण्याचे फोटो काढतात. सामताय गेली लाटा अडवायच्या बांधाकडं. तिची मोठी बोट जिथं नांगरलेली असायची तिथं. आता तिथं काही नव्हतं. तेलाचा तवंग आणि एक फुटका माशांचा खोका.

तिनं पुढच्या फळीपाशी जाऊन, वाकून पाण्यावर तळहात टेकवला.

"आकाव."

पाव्हणीनं मोबाइल वर धरला.

"हे पण सफरीतलंच आहे का, विचारतेय," मेईफोंग म्हणाली.

"हो म्हण. आकाव, चल बाळा. फार उशीर केला मी. इकडं कड आहे, ती धर. आधी गुडघा टेक, मग पाय."

होडी त्या बाजूला कलली. थोडीशीच, आणि सावरली. मेईफोंगनं चारी दिशांना पाहिलं. सगळ्या बोटी नांगरलेल्या होत्या. कुठं लाट नव्हती.

होडी परत धक्क्याला लागल्यावर पाव्हणीनं बाहुला ओढणीत गुंडाळला, पिशवीत घातला, दोघींना वाकून नमस्कार केला आणि पायऱ्या चढून गेली.

"जाऊ द्यायची तिला?" मेईफोंगनं विचारलं.

"लाकूड आहे. नेऊ दे."

वर नवे पाव्हणे ताटकळत उभे होते, नवरा-बायको आणि त्यांची मुलगी. तो माणूस सगळ्यांत आधी उतरला आणि चांगलं दिसावं म्हणून सरळ पुढच्या फळीकडं निघाला.

"तिथं नको," सामताय म्हणाली. "मागे बसा म्हणावं."